आकड्यामागचा छेद : समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतील महाविद्यालयांत समाजशास्त्राच्या प्रकल्पांची घाई सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आकड्यांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी वर्णनात्मक सांख्यिकीविषयीची काही पत्रे निवडली आहेत. एकसारख्या प्रश्नांचे एकत्रीकरण केले असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी परळ आणि दादर भागांत घरकाम करणाऱ्या अकरा महिलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे मासिक उत्पन्न रुपयांत असे आहे : ६,०००, ७,०००, ७,५००, ८,०००, ८,०००, ९,०००, ९,५००, १०,०००, ११,०००, १२,०००, ३३,०००. सरासरी ११,००० येते. पण मुलाखतींत एवढा आकडा मला क्वचितच ऐकू आला. शेवटची नोंद अपवाद म्हणून वगळावी, असे मैत्रिणी सुचवतात. काय करावे? — एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : आपण मुलाखतींत जे ऐकले ते बरोबरच आहे. अकरांपैकी आठ महिलांची मिळकत या सरासरीपेक्षा कमी आहे, त्यामुळे ‘या महिला महिन्याला सरासरी अकरा हजार रुपये कमावतात’ हे वाक्य गणिताने अचूक असूनही त्यांच्यापैकी बहुतेकींचे चित्र उभे करत नाही. नोंदी चढत्या क्रमाने मांडल्या की सहावी, म्हणजे बरोबर मधली नोंद ९,००० ची आहे, हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेली रक्कम ८,००० आहे, हा बहुलक. आता शेवटची नोंद बाजूला ठेवून पाहा : मध्य, म्हणजे सरासरी, ११,००० वरून ८,८०० वर घसरतो, तर मध्यक ९,००० वरून फक्त ८,५०० वर येतो. एका व्यक्तीच्या नोंदीने मध्य २,२०० रुपयांनी हलतो आणि मध्यक ५०० रुपयांनी. उत्पन्न, घराचे क्षेत्रफळ, कर्जाची रक्कम अशा गोष्टींत काही थोड्या नोंदी नेहमीच फार मोठ्या असतात; म्हणून तेथे मध्यक आधी लिहावा आणि मध्य त्याच्या शेजारी द्यावा. मध्य पूर्णपणे टाकून देऊ नये, कारण एकूण बेरीज त्याच्यातच साठवलेली असते. अकराजणींच्या घरी मिळून महिन्याला १,२१,००० रुपये येतात, हे मध्यावरून कळते, मध्यकावरून कळत नाही.

नोंद वगळण्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. लिहिताना एखादे शून्य जास्त पडले असेल तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करावी. परंतु नोंद खरी असेल तर केवळ ती इतरांसारखी नाही म्हणून एका माणसाला अभ्यासातून बाहेर काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या पत्रासोबतच्या टिपणात या महिलेबद्दल एक ओळ आहे : ती एका आजारी वृद्धेच्या घरी चोवीस तास राहते. तिचे काम पहाटे सहा ते रात्री दहा एवढेच धरले तरी महिन्याचे ४८० तास होतात आणि तिला तासाला सुमारे ६९ रुपये पडतात. आपल्याच यादीतील ९,००० रुपये मिळवणारी महिला तीन घरांत मिळून रोज पाच तास, महिन्याचे २६ दिवस काम करते. म्हणजे १३० तास आणि तासाला पुन्हा सुमारे ६९ रुपये. महिन्याच्या हिशेबात जी सर्वांत वर दिसत होती ती तासाच्या हिशेबात मधल्या बाईच्या बरोबरीला आली, आणि रात्री उठावे लागते ते तास मोजले तर ती तिच्याही खाली जाते. ही नोंद वगळली असती तर प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हातचा गेला असता. आपण पुन्हा त्या महिलांकडे जाऊ शकत असाल तर कामाचे तास, खाडा झाल्यास कापले जाणारे पैसे आणि दिवाळीचा बोनस हे तीन रकाने जरूर वाढवा. ‘महिन्याला किती मिळतात?’ या एका प्रश्नाचे उत्तर कोणी खाडे वजा करून देते, कोणी न करता देते, आणि मग आपण वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज करत बसतो.

प्रश्न : संगणकात माहिती भरताना मी धर्मासाठी १ ते ५ असे संकेतांक दिले. एसपीएसएस या सांख्यिकीच्या संगणकप्रणालीने त्यांची सरासरी २.१ दाखवली आणि ती मी तक्त्यात लिहिली. मार्गदर्शक शिक्षकांनी ती खोडली. मात्र ‘पूर्ण असहमत १’ ते ‘पूर्ण सहमत ५’ या प्रश्नांची सरासरी त्यांनी चालवून घेतली. दोन्हीकडे १ ते ५ च आहेत, मग फरक कोणता? — एक विद्यार्थी, घाटकोपर

उत्तर : धर्माचे १ ते ५ हे आकडे निव्वळ नावाच्या जागी बसले आहेत. ते उलटेसुलटे केले तरी माहिती तीच राहते, सरासरी मात्र बदलते. जी संख्या संकेतांकांच्या क्रमावर अवलंबून आहे ती लोकांबद्दल काहीच सांगत नाही. जात, धर्म, मातृभाषा, जन्मजिल्हा या चलांसाठी, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या बाबींसाठी, वारंवारता (कोणते उत्तर किती वेळा आले), टक्केवारी आणि बहुलक एवढेच लिहावे. मापनाच्या या पायऱ्या एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली मांडल्या : नामदर्शक (फक्त नाव), क्रमदर्शक (फक्त क्रम), समांतर (आकड्यांतील अंतरे सारखी) आणि गुणोत्तर (शिवाय खरे शून्यही). क्रमिक पुस्तकांत त्या पहिल्या प्रकरणात येतात आणि विद्यार्थी त्या पाठ करून पुढे सरकतात. खरे तर प्रश्नावली तयार करतानाच प्रत्येक प्रश्नासमोर त्याची पायरी लिहून ठेवली पाहिजे.

सहमती-असहमतीचा प्रश्न क्रमदर्शक आहे. ५ हे ४ पेक्षा जास्त आहे हे नक्की. पण ५ आणि ४ यांतील अंतर ४ आणि ३ यांतील अंतराएवढेच आहे, याची हमी कोणी दिलेली नाही. अनेक प्रश्नांची बेरीज करून एक गुणांक तयार केला असेल तर संशोधक त्याची सरासरी काढतात आणि ती पद्धत रूढ आहे. एकेकट्या प्रश्नाची सरासरी मला मात्र धोक्याची वाटते. समजा, लालबागच्या एका चाळीतील चाळीस कुटुंबांना ‘आपल्या चाळीचा पुनर्विकास व्हावा का?’ असे विचारले. वीस कुटुंबांनी ‘पूर्ण सहमत’ सांगितले आणि वीसांनी ‘पूर्ण असहमत’. सरासरी येते ३, म्हणजे ‘तटस्थ’. त्या चाळीत तटस्थ असे एकही कुटुंब नाही. उभी फूट पडलेली चाळ आपण कागदावर बेफिकीर चाळ करून टाकली! अशा प्रश्नासाठी पाचही पर्यायांची वारंवारता सारणी द्यावी. तिला पाच ओळी लागतात, पण वाचकाला फूट दिसते.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया असल्याचे वाचले. २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ९४३ होता आणि मुंबई शहर जिल्ह्यात तर ८३२. एवढ्या वर्षांत एवढी सुधारणा झाली का, की यांतील एक आकडा चुकीचा आहे? शिवाय शहर आणि उपनगर यांची सरासरी काढून बृहन्मुंबईचे गुणोत्तर लिहिले तर चालेल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्याजोगे नाहीत, कारण दोघांनी मोजलेली माणसे वेगळी आहेत.

जनगणनेत सगळ्यांची गणना होते. २०११ मध्ये तर फुटपाथवर आणि पुलाखाली राहणाऱ्या बेघर लोकांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री स्वतंत्रपणे करण्यात आली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत सुमारे ६.३७ लाख घरांची नमुना पाहणी झाली आणि १,०२० हा आकडा त्या घरांत आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्या माणसांचा आहे. आता गावी बायको-मुले ठेवून मुंबईत दहाजणांच्या खोलीत राहणाऱ्या आणि खानावळीत जेवणाऱ्या माणसाचा विचार करा. गावच्या घरात सर्वेक्षक गेला तेव्हा हा माणूस तेथे नाही, त्यामुळे गावाकडे स्त्रियांचे प्रमाण वाढते. तो बांधकामावर किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपत असेल तर मुंबईतल्या घरांच्या यादीतही तो सापडणे कठीण. जनगणनेने मात्र त्याला मुंबईत मोजलेले असते.

म्हणूनच आपल्या शहराचे गुणोत्तर एकटे वाचू नये. २०११ च्या त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. मुंबईचे ८३२ आणि रत्नागिरीचे १,१२२ हे आकडे एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि ती गोष्ट आहे चाकरमान्यांचे स्थलांतर. कोकणातल्या कोणत्याही घरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सारणी वाचताना मात्र आपण ते विसरतो आणि मुंबईत मुली नकोशा आहेत, असा निष्कर्ष ८३२ वरून काढून मोकळे होतो. त्या प्रश्नासाठी जन्माच्या वेळचे गुणोत्तर पाहावे लागते, कारण नवजात बाळे नोकरीसाठी स्थलांतर करत नाहीत. ज्या पाचव्या फेरीत १,०२० हा आनंदाचा आकडा आला तिच्यातच मागील पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांत दर हजार मुलांमागे मुली ९२९ आहेत. निसर्गतः हे प्रमाण साधारण ९५० च्या आसपास असते. बातम्यांत पहिला आकडा ठळकपणे आला. दुसऱ्याकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

आता सरासरीविषयी. शहर जिल्ह्याचे गुणोत्तर ८३२ आणि उपनगर जिल्ह्याचे ८६० आहे. दोहोंची साधी सरासरी ८४६ येते. प्रत्यक्षात शहरात १६,८४,६०८ पुरुष व १४,००,८०३ स्त्रिया, आणि उपनगरात ५०,३१,३२३ पुरुष व ४३,२५,६३९ स्त्रिया मोजल्या गेल्या. पुरुषांची बेरीज ६७,१५,९३१ आणि स्त्रियांची ५७,२६,४४२ होते. त्यावरून गुणोत्तर ८५३ निघते. उपनगर शहराच्या तिप्पट मोठे असल्याने खरा आकडा त्याच्या बाजूला झुकतो. दोन गुणोत्तरांची किंवा दोन टक्केवाऱ्यांची सरासरी कधीही थेट काढू नये. मागे जाऊन मूळ संख्या मिळवाव्यात, अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज करावी आणि मग भागाकार करावा. मूळ संख्या मिळत नसतील तर प्रत्येक गुणोत्तराला त्याच्या छेदाचा भार द्यावा. येथे छेद पुरुषांची संख्या आहे, एकूण लोकसंख्या नव्हे. हा बारकावा पुष्कळदा सुटतो.

प्रश्न : दोन चलांच्या सारणीत टक्केवारी आडवी काढावी की उभी? पुस्तकात दोन्ही पद्धती दिसतात. — एक विद्यार्थिनी, कुर्ला

उत्तर : दिशा महत्त्वाची नाही, ज्या गटांची तुलना करायची आहे, त्या प्रत्येक गटाची बेरीज शंभर झाली पाहिजे. समजा, आपण पन्नास कामगार महिलांना विचारले की बँकेचे खाते त्या स्वतः वापरतात का. त्यांपैकी तीस मुंबईबाहेरून आलेल्या आहेत आणि वीस मुंबईतच जन्मलेल्या. बाहेरून आलेल्यांपैकी अठराजणी आणि मुंबईकरांपैकी पंधराजणी खाते वापरतात. एका पद्धतीने लिहिले तर ‘खाते वापरणाऱ्या ३३ महिलांपैकी ५४.५ टक्के स्थलांतरित आहेत’ असे वाक्य होते आणि स्थलांतरित महिला बँकेच्या व्यवहारात पुढे आहेत, असा समज होतो. दुसऱ्या पद्धतीने स्थलांतरितांत हे प्रमाण ६० टक्के आणि मुंबईकरांत ७५ टक्के येते. म्हणजे स्थलांतरित मागे आहेत. पहिले वाक्य खोटे नाही, फक्त त्यात स्थलांतरित जास्त दिसतात त्या आपण मुळातच जास्त निवडल्या म्हणून. स्थलांतराचा खाते वापरण्यावर काय परिणाम होतो, हा आपला प्रश्न असेल तर स्थलांतर हे कारण मानलेले चल ठरते, आणि टक्केवारी त्याच्या गटांच्या आत काढायची. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथात आत्महत्यांच्या निव्वळ संख्येऐवजी प्रत्येक समूहाच्या लोकसंख्येशी काढलेल्या दरांची तुलना केली, ती याच कारणाने. सारणीखाली प्रत्येक गटाची मूळ संख्या लिहायला विसरू नका.

प्रश्न : प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ आहे, उत्तरही बरोबर येते; पण ते काय सांगते हे कळत नाही. समाजशास्त्रात माणसांचा अभ्यास असतो, तेथे वर्गमुळे कशासाठी? — एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : आधी दुसऱ्या भागाविषयी. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि नगरात काही बदल करण्याआधी त्याची पाहणी झालीच पाहिजे, हा गेडिस यांचा आग्रह होता. मोजणी आपल्या विषयात बाहेरून आलेली नाही.

आता अर्थ पाहू. समजा, वडाळ्याच्या एका चाळीतील पाच महिलांना कामावर जायला ४०, ४५, ५०, ५५ आणि ६० मिनिटे लागतात. मानखुर्दच्या एका पुनर्वसन इमारतीतील पाचजणींना १०, २०, ५०, ८० आणि ९० मिनिटे लागतात. दोन्हीकडे मध्य ५०, दोन्हीकडे मध्यकही ५०. केवळ एवढेच लिहिले तर दोन्ही वस्त्या सारख्या ठरतात. आता प्रत्येकीचे मध्यापासूनचे अंतर काढा. वडाळ्यात ती अंतरे १०, ५, ०, ५, १० अशी आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज २५०, पाचाने भागून ५०, वर्गमूळ सुमारे ७; हेच प्रमाण विचलन. मानखुर्दमध्ये अंतरे ४०, ३०, ०, ३०, ४०. वर्गांची बेरीज ५,०००, पाचाने भागून १,०००, वर्गमूळ सुमारे ३२. म्हणजे वडाळ्याच्या महिला मध्याच्या आगेमागे साधारण सात मिनिटांत आहेत, तर मानखुर्दच्या बत्तीस मिनिटांत. कोणाला घराजवळ काम मिळाले आणि कोणाला जुन्या वस्तीजवळची नोकरी टिकवण्यासाठी हार्बर लाइनने जाऊन पुढे बस पकडावी लागते, हा पुढचा प्रश्न या बत्तीसमधून निर्माण होतो. वर्ग करण्याचे कारण एवढेच की मध्याच्या अलीकडची आणि पलीकडची अंतरे नुसती मिळवली तर ती एकमेकांना खाऊन बेरीज नेहमी शून्य होते. वर्गमूळ घेतल्याने उत्तर पुन्हा मिनिटांत येते.

आपल्या शंकेत नसलेली एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण एक्सेल वापरताना ती हमखास अडवते. भागताना कधी व्यक्तींची संख्या घेतात आणि कधी त्यातून एक वजा करतात. या पाचजणींचेच वर्णन करायचे असेल तर पाचाने भागावे. त्या मोठ्या समूहातून निवडलेला नमुना असतील आणि त्यावरून समूहाचा अंदाज करायचा असेल तर चाराने. तसे केल्यास वरची उत्तरे सुमारे ८ आणि ३५ येतात. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळी सूत्रे आहेत; कोणते वापरले ते प्रकल्पात लिहावे. उत्पन्नासारख्या एका बाजूला कललेल्या माहितीसाठी मात्र मध्यकासोबत चतुर्थक द्यावेत : खालच्या पावहिश्श्याची सीमा कोणती, वरच्या पावहिश्श्याची कोणती आणि त्यांत अंतर किती.

प्रश्न : वर्गांतरे किती करावीत आणि टक्केवारी किती दशांश स्थळांपर्यंत लिहावी? — अनेक वाचक

उत्तर : वर्गांतरांचा ठरावीक आकडा नाही, पन्नास-साठ नोंदींसाठी पाच ते सात पुरतात. ५,००० ते १०,००० आणि १०,००० ते १५,००० असे गट करू नयेत, कारण दहा हजारवाली व्यक्ती दोन्हीकडे बसते. पहिला गट ९,९९९ वर संपवावा. ‘२५,००० व त्याहून अधिक’ असा उघडा गट ठेवल्यास सारणीवरून मध्य काढता येत नाही, मध्यक बहुधा काढता येतो.

दशांश एकच पुरे. मुलाखती शंभरापेक्षा कमी असतील तर तोही नको. सहा महिलांपैकी चौघींनी होकार दिला असेल तेथे ६६.६७ टक्के असे लिहून नसलेली अचूकता दाखवण्यापेक्षा ‘सहापैकी चार’ असेच लिहावे.